तीन मिनिटांत सत्त्याण्णव फेऱ्या

भाऊजी, उभ्या आयुष्यात तुम्ही एकाही गिऱ्हाइकाला दुसरा हेलपाटा घालायला लावला नाहीत. अडवून ठेवलंत ते माझं एकटीचं काम. ते सांगताना 'तुम्ही-मी' नको. तुमचा चेहरा समोर आला की मी भांडायला लागते. तेव्हा आपण दोघंही जरा गोष्टीतल्या माणसांसारखे लांब उभे राहू.

तर हे भाऊजी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे मिस्त्री. दुकान जिन्याखाली, एक बसला की दुसऱ्यानं उभंच राहायचं. प्लेअर दुरुस्त झाला की ते फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवत, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि फेऱ्या मोजत. तीन मिनिटांत बरोबर शंभर. नव्याण्णव भरल्या तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, प्लेअर पुन्हा उघडला जाई. म्हणत, "गाणाऱ्याचा आवाज बदलायचा अधिकार मला कुणी दिला?"

मोजायचं राहिलं ते नेमकं घरच्याच प्लेअरवर. त्यांच्या थोरल्या वहिनीची तरुणपणी एक रेकॉर्ड निघाली होती. एकच. ती रेकॉर्ड वाकली, सुई वरखाली व्हायला लागली. "बाहेर मिस्त्री म्हणून पाटी, आणि घरचं काम लोंबकळतंय!" वहिनीनं सुनावलं. भाऊजींनी लगेच पितळेचं सव्वा किलोचं वजन घडवून आणलं. मधल्या खुंटीवर बसवताच रेकॉर्ड सपाट.

वहिनी रोज दुपारी आपल्याच तरुण आवाजाबरोबर गायची. शेवटचा वरचा सूर लागला की स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "गुडघे गेले, दात गेले, हा नाही गेला!" दिवसभर मग तिला काही कमी पडत नसे.

वर्षभरानं भाऊजी असेच येऊन बसले होते. रेकॉर्ड फिरत होती, हात स्वस्थ बसेनात, कपटा चिकटवला. सत्त्याण्णव. पुन्हा मोजल्या. सत्त्याण्णवच. मोटर म्हातारी, तिचे सुटे भाग मिळेनासे झालेले आणि वरून सव्वा किलोचा भार; थाळी रेटता रेटता ती दमत होती. म्हणजे सूर चांगला अर्धी पट्टी उतरलेला, आणि उतरवणारे ते स्वतः.

"वहिनी, आज वजनाशिवाय लावू?"

लावली. सुई जरा उड्या मारत होती, पण थाळी बरोबर फिरत होती. वरच्या सुराशी वहिनीचा आवाज फाटला.

"चहा फार गरम होता," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही फाटला. या वेळी ती पदराला हात पुसत उभी राहिली.

भाऊजींनी वजन परत ठेवलं. सूर लागला. "बघा!" ती म्हणाली.

उपाय त्यांना पाठ होता, आणि सवयीनं तो तोंडातून निसटलाच. "वजनापेक्षा क्लॅम्प बरा. खुंटीला घट्ट धरतो, रेकॉर्ड दाबून ठेवतो, मोटरवर भार नाही."

"मग आणा की! उद्याच आणा."

दोन तासांचं काम. पण कधी लेथवाला गावाला गेलेला, कधी माप हरवलेलं, कधी मनासारखं रबर मिळेना. "भाऊजी, क्लॅम्प करताय की आगगाडीचं इंजिन?" वहिनी टोमणे मारी, ते कान खाजवत. परक्याच्या प्लेअरवर एक फेरी खपवून न घेणारा माणूस इथे चार वर्षं तीन-तीन फेऱ्या गिळत होता. जिना उतरताना त्यांना स्वतःचीच लाज वाटे. उद्या दुपारी ती गायला बसेल हे आठवलं की पाय जरा हलके पडत.

बस झालं लांब उभं राहणं. भाऊजी, कागदाचा कपटा मलाही चिकटवता येतो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले ते काही विसरायला नाही. तुमची तिसरी सबब ऐकली त्याच दुपारी मी मोजलं: वजनासकट सत्त्याण्णव, वजनाशिवाय शंभर. त्या दिवशी गायले नाही. दुसऱ्या दिवशी वजन ठेवलं आणि गायले.

दुकान बंद करून तुम्ही लेकीकडे राहायला निघालात तेव्हा दारात विचारलंच मी, "क्लॅम्पचं लक्षात आहे ना?"

"आहे हो, वहिनी. पुढच्या खेपेला."

"नक्की आणा," म्हटलं.

तुमची ती खेप काही झाली नाही.