भट्टी उघडल्यावर

कोळसा पाडणारी चार माणसं एकत्र बसली, की भट्टी उघडल्यावर काय निघालं हेच बोलणं चालतं. माझ्याकडे असे लय किस्से साठलेत.

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना. सातारा-सांगलीच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावायच्या. तो कोळसा आम्ही पाटणच्या रानात पाडायचो. मी मुकादम. भट्टी लावायचे बाबूअण्णा. त्यांची बायको, सखूवहिनी, सगळ्यांचं रांधायच्या.

एकदा साताऱ्याचे सायन्सचे मास्तर भट्टी बघायला आले. म्हणाले, "याला कार्बनीकरण म्हणतात. हवा लागू न देता तापवलं, की लाकडातलं पाणी, धूर सगळं निघून जातं. मागं नुसता कार्बन राहतो. आकार मात्र तोच."

अण्णा म्हणाले, "म्हंजी जीव जातुया, रूप ऱ्हातंय."

मास्तरांनी चहा तसाच ठेवला.

*

गणपा म्हणून आमचा एक गडी. रचलेल्या लाकडांवर थापलेल्या भट्टीच्या मातीला भेग पडली, की हवा आत जाऊ नये म्हणून वर चढून लिंपायचा. एका दुपारी लिंपता लिंपता थांबला आणि मातीला कान लावून बसला.

"खाली ये रं," अण्णांनी हाक मारली.

"आतनं कोनतरी माझं नाव घेतंय."

अण्णांनी पाय धरून त्याला खाली ओढला. तो बसला होता तिथली माती लगेच आत ढासळली. गणपा वाचला, पण भट्टीकडं पाठ करून तो पुन्हा कधी बसला नाही.

*

एका भट्टीतून भाकरी निघाली. काळी, अख्खी, थापल्याचे ठसे तसेच. सगळे वहिनींना हसले. वहिनींनी ठशांवर आपली बोटं ठेवून बघितली.

"ही बोटं माझी न्हाईत," म्हणाल्या.

त्या रानात दुसरी चूल नव्हती.

*

अण्णांचा मुलगा महादू पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. तो सापडत नाही, असा निरोप आला. वहिनी रडल्या नाहीत, नुसत्या कामाला लागल्या.

पुढची भट्टी उघडली, तर मधोमध पायताणांचा जोड. नीट शेजारी शेजारी ठेवलेला. पार कोळसा झालेला, पण टाचेचा टाका न् टाका दिसत होता.

"महादूची हाईत," वहिनी म्हणाल्या. "ह्यो टाका मीच घातलाय. जाताना त्याच्या पायातच हुती."

वहिनींनी जोड कापसात गुंडाळून फळीवर ठेवला.

लढाई संपली आणि महादू आला. लंगडत, पण आला. वहिनींनी त्याच्यापुढं कापूस सोडला. त्यानं टाचेच्या टाक्यावरनं बोट फिरवलं.

"आये, ही हितं कशी? नदी वलांडायच्या आदी मी काठावर काढून ठिवली हुती. माघारी बघितलं, तवा सगळा काठ पेटला हुता."