बिनमिरचीचा टोप

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, बसा." मी बसलो नाही. बसा म्हणाल्या तेव्हाच कळलं, माझी हिरा गेली. त्याला आता दीड महिना झाला...

मी चौथी शिकलेला माणूस. हिरा पनवेलच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकायची. तिच्या तोंडात फोड आले तेव्हा मी बोललो, "मिश्री सोड." तिने सोडली. फोड हटले नाहीत. चहाचा घोट झोंबायचा, चूळ भरली की आतली साल निघून यायची. उष्णता समजून आम्ही सहा महिने तूप आणि सब्जा करत बसलो. मग बाईंनी गालातला तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, शरीर आपल्याच कातडीवर उलटलंय, आजार दुसऱ्याला लागत नाही, पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गोळ्यांनी तोंड सुधारलं. घरात दोन टोप चढू लागले, एकात माझं तिखट कालवण, एकात तिचं बिनमिरचीचं. ती बोलायची, "अवो, याला कालवन म्हनू नका. मासलीची आंघोल हाय ही!"

पुतण्याच्या हळदीत वहिनी बोलली, "भावजी, हिराचं गाल बगा कसं भरलंत! आता कसली दवा देताव?" गाल गोळ्यांनी सुजले होते. मला वाटलं, बाळसं आलं, ती बरी झाली. घरी येऊन गोळ्यांचा डबा मी कपाटावर टाकला.

"बाईंना इचारायचं नाय का?" हिरा बोलली.

"इचारायचं काय? मना डोले नाय?"

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर, छातीवर फोड उठले. कातडी चादरीला चिकटायची. धावत दवाखान्यात नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण जखमांत पू झाला होता. बाईंनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" हिराला थुंकी गिळवत नव्हती, तरी ती बोलली, "मीच. कंटाला आला मना."

आणि मी गप्प राहिलो... ती जाईपर्यंत गप्प राहिलो.

म्हणून इथे लिहितो. गोळ्या मी बंद केल्या. तिने नाही.

तिखटाचा टोप आता पालथा घातलाय. दुसरा रोज चढवतो. ती बोलायची ते खरं, चव काहीच नाही. तरी ताट पुसून खातो.