नलूच्या कार्डांवरची माझी तारीख

माझ्या बहिणीच्या रिसर्चमध्ये माणसं दोनदा मेली. दुसऱ्यांदा मारणारा मी.

आज नलूला जाऊन दोन वर्षं झाली. सकाळपासून फोन येताहेत. "दादा, बाई फार विद्वान होत्या हो."

शोकसभेतही तुम्ही हेच म्हणालात. पण त्या दिवशी आणखी एक वाक्य बोललं गेलं. ही पोस्ट त्या वाक्यासाठी.

नलू, म्हणजे नलिनी, माझी धाकटी बहीण. इथे रत्नागिरीत कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. आमच्याकडेच राहायची, माडीवर.

पीएचडीला तिने विषय घेतला होता : जगातली युद्धं आणि राजकीय हिंसा वाढतेय की घटतेय.

तिचा अंदाज असा, की देशादेशांतल्या लढाया विरत चालल्यात आणि देशांच्या पोटातली कत्तल वाढत चाललीय. पण अंदाजावर तिचा विश्वास नसे. मोजायचं.

हे तिचं जुनंच. मी शाळेतली लढाईची कविता म्हणून दाखवायचो, अगदी ठेक्यात, हातवाऱ्यांसकट. मला त्या घोड्यांच्या टापा अजून ऐकू येतात. ही सात वर्षांची चिमुरडी मध्येच विचारायची,

"पण दादा, त्यात मेले किती?"

"कवितेत मोजत नाहीत गो."

"मग कळणार कसं?"

१९९८ साली मी मराठीचा मास्तर म्हणून रिटायर झालो आणि नलूने मला कामाला लावलं.

पेपरातली बातमी कापायची, एका घटनेला एक कार्ड. ठिकाण, तारीख, कोणी कोणाला मारलं, किती मेले. कार्डं आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत. एका खंडाला एक पेटी. आफ्रिकेला दोन लागल्या.

गावाला गंमत. मासळीवाली काकी दारातून हाक मारायची, "काय गो बाय, आज किती मेले?"

"मोजतेय काकी अजून."

कॉलेजातले एक सर म्हणाले, "मॅडम, आपल्या इथल्या मिरजोळ्याच्या कारखान्यांवर करा काहीतरी. निदान बस तरी जाते तिथे!"

ती हसायची आणि पुन्हा कात्री घेऊन बसायची.

इंग्रजी पेपर तिच्याकडे, मराठी माझ्याकडे. तिने मला एकच नियम सांगितला होता.

"दादा, छापल्याची तारीख नको. घडल्याची हवी. बातमीच्या डोक्यावर बारीक अक्षरात असते, ती बघ."

"तीस वर्षं पोरांची वृत्तं तपासली मी. मात्रा चुकली नाही कधी. मला शिकवतेस?"

नाही बघितली मी ती बारीक अक्षरं.

आपल्याकडे मुंबईच्या पेपरची डाक आवृत्ती यायची. बाहेरगावासाठी लवकर छापलेली. रात्रीची बातमी तिच्यात एक दिवस उशिराने यायची, आणि "काल" हा शब्द मात्र तसाच. मी पेपरची तारीख बघायचो, एक दिवस वजा करायचो आणि कार्डावर टाकायचो. मोत्यासारख्या अक्षरात. मग खिडकीतून माडांकडे बघत त्या परक्या गावांची नावं गुणगुणायचो. किती गोड नावं होती! तिथे काय झालंय ते मी लिहीत होतो, आणि मला नाद सुचत होता.

नलू तारीख आणि ठिकाण जुळवून एकच घटना तिच्या आणि माझ्या पेपरातून दोनदा आलेली नाही ना, ते बघायची. माझी तारीख खऱ्या तारखेच्या एक दिवस पुढे. जुळणार कशी?

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीवर बोट ठेवलं. "बाई, तुमच्याकडे माणसं दोनदा मरतात."

प्रबंध परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू रात्रीच्या बसमधून हायवेवर हातखंब्याला उतरून रिक्षाने घरी आली. चहासुद्धा घेतला नाही. पेटी उघडून चार कार्डं जमिनीवर मांडली. दोन तिच्या अक्षरातली, दोन माझ्या. गावं तीच, आकडे तेच.

"ही तारीख कुठून घेतलीस दादा?"

"बातमीत 'काल' लिहिलंय की."

"कुठला काल?"

माझी बायको म्हणाली, "अहो, चूक तुमची. तसं पत्र लिहा विद्यापीठाला."

नलू म्हणाली, "नको वहिनी. प्रबंधावर सही माझी आहे."

मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते. पण वाटलं.

मग तिने सगळ्या पेट्या पुन्हा काढल्या. एकेक कार्ड, एकेक कात्रण. कॉलेज सांभाळून. इकडे रोजचे पेपर नवी मढी आणून टाकतच होते.

"दे, निम्मी मी बघतो," म्हटलं.

"नको दादा. तू कविता वाच."

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

एकदा जेवताना म्हणाली, "दुबार कार्डं काढली तरी निष्कर्ष तोच येतोय रे." तेवढंच. शेवटची पेटी राहिली होती. मग आजारपण आलं, तीन महिन्यांत ती गेली. पीएचडी राहिली ती राहिलीच.

आणि शोकसभेत एक मोठे गृहस्थ म्हणाले, "बाई अभ्यासू होत्या, पण तपशिलात जरा कच्च्या. घाई नडली त्यांना."

मी पहिल्या रांगेत होतो. माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि कविता म्हटली. तुम्ही डोळे पुसलेत. नंतर पाठ थोपटलीत, "मास्तर, या वयातही काय पाठांतर!"

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

तेव्हा त्या सभेला जे होते त्यांनी आज एवढं ऐका. नलिनी तपशिलात कच्ची नव्हती. घाई तिने आयुष्यात केली नाही. तिने नियम नीट सांगितला होता, मी तो धुडकावला. चुकलेली कार्डं माझी. सगळी.

मोठ्या भावाने धाकटीच्या पाया पडायचं नसतं म्हणतात.

नलू, पडतो.