न जळणारी वात

शेजारच्या वनमालाकाकूंनी देवाजवळ दिवा लावणं बंद केलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. काकू मालवणकडच्या. ताप असो, पाहुणे असोत, संध्याकाळ झाली की त्यांचा दिवा लागणारच. पण छातीची तपासणी झाल्यापासून दिवा नुसताच देव्हाऱ्यात होता. मी आपली समजूत घातली, की श्वास पुरत नाही बिचारीला, त्यात दिवा कुठे लावणार.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, मुलुंडच्या एका ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते. तिथे त्याचे दोर वळायचे, कापड विणायचे. आता त्या जागेवर टॉवर उभा आहे आणि नाव असं झुळझुळीत, की तिथे कधी धूळ उडालीच नव्हती. भाऊंना डॉक्टरांनी आधी टीबीची औषधं दिली, मग दम्याची. जुन्या कामगारांनी भांडून तपासणीचं शिबिर घेतलं तेव्हा कळलं, की कारखान्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे. कारखान्याच्या परदेशी मालकांनी आजारी कामगारांसाठी निधी ठेवला होता. भाऊंनी दावा केला. तो मान्य झाला, पण तोवर भाऊंचं वर्षश्राद्ध उरकलं होतं.

पुढच्या शिबिरात मी काकूंना सहज घेऊन गेले, तर त्यांच्या छातीतही तेच निघालं. ज्या बाईने कारखान्याचं गेटसुद्धा ओलांडलं नाही, तिच्या छातीत!

रुचिरा नावाची तरुण वकील काकूंचा दावा बघत होती. घरच्या माणसांनाही हक्क आहे, पण धूळ घरात आली कशी ते शपथेवर सांगावं लागतं, असं ती म्हणाली. कामगारांचे कपडे आतच धुतले जात, ते घरी जातच नव्हते, असं कंपनीचं म्हणणं. आणि ते खरंच होतं. भाऊ तिथेच आंघोळ करून, भांग पाडून घरी यायचे. त्यामुळे काकूंचा पहिला अर्ज परत आला होता. आता ही शेवटची संधी होती.

"काकू, बोला ना काहीतरी!" त्या दिवशी रुचिरासमोर मी तडकलेच. "भाऊंचं मेल्यावर मान्य झालं. तुम्हालाही तसंच हवंय का?"

मला राग त्यांच्या गप्प बसण्याचा होता. रात्रंदिवस नाकात नळी, त्याला जोडलेलं घुरघुरणारं यंत्र, वर लोक म्हणणार वयाचा दमा आहे. माझी आई, कुंदा, अशीच दमा दमा म्हणत गेली. निदान या बाईला तरी जिवंतपणी कुणीतरी सांगावं, की बाई, तुझा आजार खरा आहे आणि तो तुला अमुक माणसांनी दिला. मला एवढंच हवं होतं.

काकू उठल्या. नळी सांभाळत देव्हाऱ्याशी गेल्या आणि पितळेचा दिवा घेऊन आल्या. त्यातली वात त्यांनी दोन बोटांनी वर काढली. तेलाने मळलेली, टोकाला काळी. पण जळून तसूभर कमी झालेली नव्हती.

"ही," काकू म्हणाल्या. "आमचे हे डब्यातून आणायचे. खाली पडलेला कापसासारखा पिंजा, तुटका धागा. टाकूनच द्यायचे तिकडे. जळत नाही ना तो. नवरात्रात बरा."

रुचिराला कळेना, म्हणून मीच सांगितलं. नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नसतो. कापसाची वात जळत जाते, काजळी धरते, बायकांच्या जिवाला घोर लागतो. काकूंची वात तशीच राही. आमच्या जुन्या चाळीत तिचं भारी कौतुक होतं. घटस्थापना जवळ आली की काकू गॅलरीत बसून तो पिंजा हाताने मोकळा करायच्या आणि वाती वळायच्या. उन्हात पांढरं पांढरं उडायचं. मी ते पकडायला धावायची. मला तो कापूसच वाटे.

हे सांगताना मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पुरावा सापडला होता.

"मग इतके दिवस लपवलंत का? भाऊंना चोर म्हणतील म्हणून?"

काकूंनी मानेनेच नाही म्हटलं. माझ्याकडे बघेचनात.

"वाती फक्त तुमच्याच घरी होत्या, की कुणाला दिल्यात?" रुचिराने विचारलं. "सगळं सांगावं लागेल, काकू. त्यांचीही तपासणी करायला हवी."

"दिल्या. सगळ्या चाळीत दिल्या."

"पहिल्यांदा कुणाला?"

काकूंनी वात पदराने पुसली, का ते त्यांनाच ठाऊक.

"कुंदाला," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "तुका काय सांगू गो नीलम? तुझ्या आईक मीच दिलंय. माझ्याबरोबर वळूक बसायची ती. दरवर्षी. तू आमच्या मधी निजायचंस."

मला आईचं ते खोकणं आठवलं. भिंतीला हात टेकून उभी राहायची, आणि मी चिडून म्हणायची, आई, जरा हळू खोक ना, उद्या परीक्षा आहे. काकूंवर ओरडावंसं वाटलं. त्यांच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्ही झालं नाही. मी नुसता त्यांचा हात हातात घेतला.

रुचिराचं पेन थांबलं होतं. "नीलमताई, हे लिहू ना?" तिने हळूच विचारलं. "आणि तुमचा छातीचा एक्स-रे कधी काढलाय का?"

नव्हता काढला. हल्ली जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं, ते मी वजनावर ढकलत होते.

"लिहा," मी म्हटलं. "आईचं नाव लिहा. खाली माझंही लिहा."