मोदक वाफवणारा हवालदार

इथे आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी बाबांनी एकदा दोन पोलिसांचं विनोदी नाटक लिहिलं. मोठे साहेब कडक शिस्तीचे, पण फावल्या वेळात लग्नं जुळवणारे. चोराला दरडावता दरडावता त्याची पत्रिका मागायचे. त्यांचा हवालदार मोदकांच्या ऑर्डरी घ्यायचा. साहेब बाबाच होणार होते. ते सीफ भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट आहेत, त्यामुळे शिस्तीचा वेगळा अभिनय करावा लागणार नव्हता.

हवालदार होते गुहागरकडचे एक काका. ते हॉटेलांच्या लाँड्रीची व्हॅन चालवायचे आणि नईमच्या जुन्या वस्तीत आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. तालमीला झिंजला आमच्या घरी आले की सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे. तालीम सुरू झाली की मात्र बाबांना हॉलभर पळवायचे.

मला स्टेजवर जायचं नव्हतं, म्हणून मी प्रॉम्प्टर. माझं मराठी वाचन हळू. संवाद मी रोमन लिपीत टाइप करून घेतले होते. काका त्यातलं काहीच जसंच्या तसं म्हणत नसत. "चोर पळाला, चला!" असं बाबा ओरडले की हवालदाराने "होय साहेब" म्हणायचं होतं. काका शेगडीवरची नजर न हलवता म्हणायचे, "साहेब, जरा दम धरा. आत्ता झाकण काढलंत तर मोदक फुटतील."

बाबा आधी वैतागले. मग त्यांना इतकं हसू यायला लागलं की पुढचं वाक्य सुचेना. घरात त्यांना असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

प्रयोग शुक्रवारी ठरला आणि काकांना नेमकी त्याच संध्याकाळची शिफ्ट लागली. शनिवारी हॉल रिकामा होता. तारीख बदलायला बाबांनी कमिटीला फक्त एकदा विचारायचं होतं. पण मीटिंगमध्ये कोणीतरी बँकेतल्या एका काकांचं नाव सुचवलं, त्यांचं पाठांतर चांगलं म्हणून, आणि बाबांनी मान डोलावली. मग गुहागरच्या काकांना फोन केला. पलीकडून ते काही हरकत नाही म्हणाले असावेत, कारण बाबा घाईघाईने म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हीच."

बँकेतल्या काकांचं एक अक्षर चुकलं नाही. लोक बेताने हसत होते. चोर पळाला, बाबा ओरडले, "होय साहेब" झालं, आणि बाबा तसेच उभे राहिले. मला वाटलं, विसरले. मी विंगेतून पुढचं वाक्य सांगितलं. ते हलले नाहीत.

तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारातून आवाज आला, "साहेब, जरा दम धरा."

गुहागरचे काका शिफ्टमधूनच, लाँड्रीच्या युनिफॉर्ममध्ये आले होते. मोदक फुटण्यापर्यंत वाक्य पूर्ण झालं आणि सगळा हॉल हसला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. हात पुढे केला असता तर काका स्टेजवर आले असते, असं मला अजून वाटतं. बाबांनी घसा साफ केला आणि लिहिलेलं पुढचं वाक्य म्हटलं. पडदा पडला तेव्हा मागच्या दारात कोणी नव्हतं.

त्यांना वर बोलवायला हवं होतं, असं मी गाडीत इंग्रजीत म्हटलं. अवघड गोष्टी मी इंग्रजीतच बोलते.

"नाटक चालू होतं ना गं," बाबा म्हणाले.

पुढचा गणेशोत्सव यायच्या आत काका कायमचे गावी गेले. यंदा मंडळाने तेच नाटक पुन्हा मागितलं. फाइल सापडत नाही, असं बाबांनी कळवलं. ती माझ्या लॅपटॉपवर आहे, हे त्यांना माहीत आहे.