डोंगरातलं हॉटेल आणि बाबांचं आडनाव

हॉटेलच्या दारात गाडी थांबवली तरी बाबा सीटबेल्ट सोडेनात.

"हॉटेल म्हणाली होतीस ना तू?" काचेतून बघत ते म्हणाले. "हे तर कोणाचं घर दिसून राहिलं."

दिसत होतं घरासारखंच. दोन मजली पांढरी इमारत, वर काळ्या दगडी फरशांचं छप्पर, मागे थेट डोंगर. दाराशी चिखलाने माखलेल्या गमबुटांची रांग, त्यात दोन जोड लहान मुलांचे. ग्लासगोहून निघून तीन तास झाले होते. त्यातला शेवटचा तास एकेरी रस्त्यावर, समोरून गाडी आली की बाजूला दबून थांबत. आठ खोल्यांचं हे हॉटेल एक कुटुंब चालवतं असं वेबसाइटवर लिहिलं होतं आणि तेच मला आवडलं होतं. बाबांना नेमकं तेच खटकेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाले. आई गेल्यावर दोन वर्षांनी, गेल्या सप्टेंबरात, ते पहिल्यांदाच माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले. मी ग्लासगोत हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. नवऱ्याच्या ऑफिसात ऐन वेळी काम निघालं, म्हणून हॉटेलला आम्ही दोघंच आलो होतो, बाप आणि लेक. आणि पाच दिवस आमच्यात धड बोलणं नव्हतं.

कारण आधीच्या रविवारचं. मराठी मंडळाचं एकत्र जेवण होतं, एका कम्युनिटी हॉलमध्ये. मी मंडळात आठ वर्षं फक्त पहिल्या नावाने वावरत होते. लग्नानंतरही मी बाबांचंच आडनाव ठेवलंय. पासपोर्टवर, पगाराच्या स्लिपवर, हॉस्पिटलच्या बॅजवर तेच आहे. त्या हॉलमध्ये मात्र कुणी विचारलं की "मी नागपूरची" म्हणायचं आणि घाईने एखाद्या डब्याचं झाकण उघडायचं, अशी माझी रीत होती. आमचं आडनाव ऐकलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. आम्ही बौद्ध आहोत, हे त्याला कळतं, आणि त्याआधी आमचे आजोबा-पणजोबा कोण होते तेही कळतं.

त्या दिवशी एक काका प्लेट घेऊन बाबांशेजारी बसले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाले, "आपलं आडनाव नाही कळलं."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. ते बोलणार एवढ्यात मी मध्ये पडले. "बाबा, तुमची बीपीची गोळी राहिली की! चला, पाणी देते." दंडाला धरून मी त्यांना उठवलंच.

आम्ही घरी आलो. बूट काढताना बाबा एवढंच म्हणाले, "गोळी तर मी सकाळीच घेतली होती."

त्यानंतर चहा घेता का, हो. जेवता का, हो. बस.

हॉटेलची मालकीण साधारण माझ्याच वयाची होती. एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि बाबांची बॅग उचलायला गेली. बाबा बॅग सोडेनात. शेवटी दोघांनी एकेक बंद धरून ती जिना चढवली. खोली उबदार होती. गादीवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या, टेबलावर घरी केलेली बिस्किटं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, बॅग पायाशी घेऊन, गाडीची वाट बघत बसतात तसे.

मला त्यामागची गोष्ट माहीत होती. तरुणपणी कारकून म्हणून त्यांची बदली एका लहान गावी झाली होती. खोली बघायला जातील तिथे आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली कालच दिली गेलेली असायची. बाबा महिनाभर पोस्टातच टपालाच्या पोत्यांवर झोपले. ही गोष्ट ते आम्हाला हसत सांगायचे. पोत्याला लाखेचा कसा वास यायचा, पाठीला पार्सलं कशी टोचायची, वगैरे. पण तेव्हापासून ते कुणाच्या घरी राहायला गेले नाहीत. लग्नाकार्याला गेले तरी लॉजवर उतरायचे.

साडेसहाला खाली घंटा वाजली. मालकिणीचा नवरा स्वयंपाक करायचा, ती वाढायची. मसुराचं सूप, मासा, उकडलेले बटाटे. बाबांनी मान खाली घालून सगळं संपवलं. जेवणानंतर चहा बैठकीच्या खोलीत होता. तिथे शेकोटीजवळच्या खुर्चीत मालकिणीचे वडील बसले होते. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, पायाशी म्हातारं कुत्रं. त्यांनी बाबांना समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, मला कोचाकडे. दोन वाक्यं थंडीबद्दल बोलले, मग सरळ बाबांकडे वळले.

"नाव काय तुमचं? पहिलं नको, घराण्याचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुमची माणसं कोण?" त्या आजोबांनी पुढे विचारलं. "कुठली? काय करायची?"

मी कप बाजूला ठेवला. ग्लासगोपासून तीन तास लांब, डोंगराच्या पोटात, मराठीचा म सुद्धा ठाऊक नसलेला माणूस, आणि प्रश्न तोच. मी म्हणाले, "बाबा, प्रवासाने दमला असाल ना, वर जाऊ या का?"

"थांब," बाबा म्हणाले. मराठीत, आणि जरा मोठ्यानेच.

मग त्यांनी आडनाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, मनिऑर्डरचा फॉर्म वाचून दाखवावा तसं. आणि पोस्टातल्या त्यांच्या इंग्रजीत पुढे बोलू लागले. माझ्या देशात हे नाव ऐकलं की मला कुठे बसवायचं ते लोक ठरवतात, म्हणाले. आमची माणसं गावाच्या बाहेर राहायची. मेलेली गुरं ओढायची, गावाचे निरोप पोचवायची. गावाच्या विहिरीवर आमचा पोहरा चालायचा नाही. मग माझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन लाखो लोकांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर मला शाळेत घातलं, म्हणून मी पोस्टमास्तर झालो.

आजोबांनी हळहळ व्यक्त केली नाही. मान डोलावून सहानुभूतीही दाखवली नाही. थोडा विचार करून विचारलं, "ती विहीर कुणाची होती? एकाच्या मालकीची, की गावाची?"

"गावाची."

"म्हणजे तुमचीही."

"हो," बाबा म्हणाले. "तेच."

"वडिलांनी तुम्हाला पोस्टमास्तर झालेलं पाहिलं?"

"तीन वर्षं पाहिलं. रोज दुपारी काउंटरपुढच्या बाकावर येऊन बसायचे. काम काहीच नसायचं."

आजोबा खो खो हसले आणि बाबाही हसले. तेवढ्यात मालकीण चहाची किटली घेऊन आत आली. "डॅड! पाहुण्यांना पुन्हा आडनावं विचारत बसलात?" मग मला म्हणाली, "रागावू नका हं. आमच्याकडे कुळाला फार महत्त्व आहे, आणि हे येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. मागच्या आठवड्यात एका जर्मन माणसाला पणजोबांपर्यंत मागे नेलं यांनी."

मी हसले. हसता हसता मला रडू यायला लागलं, म्हणून कुत्र्याला कुरवाळण्याच्या निमित्ताने खाली वाकले. बाबांनी सगळं सांगितलं होतं आणि खोलीत काहीही झालं नव्हतं. चहा तसाच गरम होता. आजोबा बाबांना अजून एक बिस्किट घ्या म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आजोबांनी मागच्या टेकडीकडे काठी दाखवून सांगितलं, वर त्यांच्या आईच्या माणसांची घरं होती, जाऊन बघा. जमिनीच्या मालकाला मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून अख्खी वाडी उठवली. आजोबांना स्वतःला आता चढवत नव्हतं. आम्ही दोघं गेलो. नेच्याच्या तांबूस झुडपांत कमरेएवढ्या दगडी भिंती उरल्या होत्या. बाबा एका घरात दाराच्या जागेतूनच शिरले, भिंत पडलेली असूनही. आत जाऊन एका दगडावर बसले.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाबा, त्या रविवारी मी चुकले. मी घाबरले."

त्यांनी बुटाला चिकटलेलं गवत काढलं. मग म्हणाले, "मी महिनाभर पोत्यांवर झोपलो होतो, हे तुला माहीत आहे."

"हो."

"मग पुढे काय झालं, ते तू कधी विचारलं नाहीस."

"खोली मिळाली तुम्हाला."

"कशी मिळाली?"

मला खरंच माहीत नव्हतं. ती गोष्ट नेहमी पोत्यांवरच संपायची.

"दुसरं आडनाव सांगितलं," बाबा म्हणाले. "पावसाळा तोंडावर होता, तुझ्या आईला आणायचं होतं. पोस्टातल्या एका साहेबाचं आडनाव आठवलं, ते ठोकून दिलं. दीड वर्ष त्याच नावानं राहिलो. शेजारच्या बाया तुझ्या आईला त्या नावानं हाक मारायच्या, आणि तिच्या ध्यानातच राहायचं नाही. ती वळूनच बघायची नाही. साऱ्या गल्लीला वाटायचं, बाई बहिरी आहे."

मग आम्ही दोघं एकदमच हसायला लागलो. आई, चार बायका "अहो, अहो" करून ओरडतायत आणि ही आपली शांतपणे धुणं वाळत घालतेय! बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला.

"लाज वाटायची मला," ते म्हणाले. "म्हणून तेवढं गाळून सांगत आलो. रविवारी तू मला उठवलंस तेव्हा तुझा राग नाही आला, बेटा. मला वाटलं, आपण हिला हेच शिकवलं की काय."

"नाही हो, बाबा. तुम्ही तर कधी सांगितलंच नव्हतं."

"तरी पोरांना समजते," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

परत उतरताना ते माझ्या पुढे चालत होते. तोंडाने अखंड बोलणं चालू होतं. या मेंढ्यांना रात्री गोठ्यात घेतात का, हे बटाटे आपल्याकडच्यासारखे का लागत नाहीत, तुझ्या नवऱ्याला पुढच्या वेळी आणूच. पाच दिवसांचं साठलेलं एका उतारात संपवायचं होतं त्यांना. मी फक्त हं हं करत होते आणि इतकं हलकं वाटत होतं की दोनदा पाय घसरला.

मंडळात आता कुणी विचारलं की मी सांगते. त्यात सांगण्यासारखा काही मोठा प्रसंग घडलेला नाही. बहुतेकांनी पुढचा विषय काढला. एका बाईंचे फोन कमी झाले. ब्रिस्टलहून नुकत्याच बदलून आलेल्या एका मुलीने डबे गोळा करताना हळूच मला म्हटलं, "ताई, आम्हीपण." मी तिला घरी जेवायला बोलावलं.

हॉटेलातल्या शेवटच्या सकाळी मी दहा वाजेपर्यंत झोपले. ड्यूटीच्या सवयीने सहाला जाग येणारी मी, उठून घड्याळ बघते तर नाश्त्याची वेळ कधीच टळलेली. धावत खाली गेले. डायनिंग रूम आवरलेली होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत, घरच्यांच्या टेबलाशी, बाबा आणि आजोबा समोरासमोर बसले होते. दोघांच्याही पायात मोजेच. मालकिणीने झाकून ठेवलेली माझी प्लेट ओव्हनमधून काढली.

"बस," बाबा माझ्यासाठी खुर्ची ओढत म्हणाले. "खाऊन घे आधी. आपल्याला कोणती गाडी पकडायची आहे?"