लुबेगा टोपी उचलतो

बोसाचा जबडा मोडला तो मंगळवार होता, आणि मोडणारा माझा नवरा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कटवे वस्तीत ज्याला त्याला ही गोष्ट आपल्या सोयीने सांगायची असते. कोणी म्हणतं माझं आणि बोसाचं काही होतं. काही नव्हतं. असतं तर मीच सांगितलं असतं, मला कोणाच्या बापाची भीती नाही.

बोसा हाजी कावूमांच्या व्हिडिओ हॉलचा व्हीजे होता. हॉल म्हणजे पत्र्याची शेड, लाकडी बाकडी आणि पुढे एक जाडजूड टीव्ही. सिनेमा परदेशी, आणि त्यात बोलतात ते कोणाला कळत नाही, म्हणून व्हीजे माईक धरून बसतो आणि सगळं आमच्या भाषेत सांगतो. नुसतं सांगत नाही, नटांना आमची नावं देतो, त्यांना आमच्या गल्ल्यांतून पळवतो, मध्येच प्रेक्षकांची टिंगल करतो. बोसाचा आवाज बाहेरही यायचा, कारण गिऱ्हाईक ओढायला हाजींनी खांबावर भोंगा बांधला होता. त्या भोंग्याखाली माझी शेगडी. चपातीत अंडं गुंडाळून विकते, कसावाचे कंद तळते. अकरा वर्षं मी त्याच जागी बसून शेकडो सिनेमे ऐकले आणि एकही पाहिला नाही. हॉलमध्ये जाणाऱ्या बाईला आमच्याकडे काय म्हणतात ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. आणि मी आत गेले असते तर मुकीबीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझं तंगडं मोडून हातात दिलं असतं.

मारामारीच्या सिनेमात बोसाचा हात धरणारा कोणी नव्हता. कुठली बंदूक कशी वाजते हे तो तोंडाने करून दाखवायचा आणि बाकड्यांवरचे बाप्ये गप्प व्हायचे. त्याला ते येणारच. देशात आपसातली लढाई चालली होती त्या वर्षांत तो लुवेरोकडच्या खेड्यात राहायचा, दहा वर्षांचा होता. रस्त्यावरच्या नाक्यावर शिपायांनी त्याच्या बापाला गाडीतून उतरवलं. बंदुकीच्या दस्त्याने डोकं फोडलं, आणि मायलेकांना तिथेच उभं राहून बघायला लावलं. आईने रडायचं नाही, असा हुकूम होता. ती रडली नाही. त्या दिवसानंतर ती फारशी बोललीच नाही, असं बोसाने मला एकदाच सांगितलं, कसावा खाता खाता, आणि वर मीठ मागितलं.

असल्या माणसाच्या हाती तो प्रेमाचा सिनेमा कसा आला, तर चुकून. व्यापाऱ्याने पाठवलेल्या गोणीत एका डबीवर रणगाडा होता आणि आत सीडी भलतीच. बोसा दुपारी एकटा बसून नवे सिनेमे आधी बघून घ्यायचा. त्या दुपारी आतून ना गोळीचा आवाज, ना किंकाळी. पियानो वाजत होता आणि कोणीतरी हळूहळू बोलत होतं. बोसा जेवायला आला नाही. आला तेव्हा डोळे लाल.

"कोण मेलं रे?" मी विचारलं.

"कोणीच नाही," तो म्हणाला. "दोन तास झाले, कोणीच मेलं नाही."

मग चपाती हातात तशीच धरून त्याने मला सगळं सांगितलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. लांब झगे, उंच कॉलरी, घोडागाड्या. एक गरीब मास्तराची मुलगी, आणि तिच्यावर जीव जडलेला एक जमीनदार. तिचं नाव त्याने तिथल्या तिथे नान्तोंगो ठेवलं आणि त्याचं लुबेगा. जमीनदाराचं घर आमच्या इथल्या मेंगोच्या टेकडीवर नेलं. बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता की मला हसू आलं.

"म्हाताऱ्या, तू त्या सिनेमाच्या प्रेमात पडलायस," मी म्हटलं.

"पडलोय," तो म्हणाला. "हसू नकोस."

डबीवर नव्हतं पण सीडीवर लिहिलेलं होतं की हा सिनेमा एका जुन्या पुस्तकावरून काढलाय. बोसाने शाळेच्या नामुली मॅडमना गाठलं, त्यांनी कुठून तरी ते पुस्तक मिळवून दिलं, आणि महिनाभर हा गडी बोट ठेवून एकेक ओळ वाचत बसला. शब्द अडला की मॅडमच्या दारात. बायको असती तर तिने घराबाहेर काढलं असतं. नव्हती, म्हणून निभावलं.

एक प्रसंग तो मला परत परत सांगायचा. लुबेगा नान्तोंगोला मागणी घालतो. बाहेर धुकं, आत शेकोटी. ती म्हणते, नाही. जमीन असलेल्या, घोडे असलेल्या माणसाला ती तोंडावर नाही म्हणते.

"मग?" मी विचारलं. माझा झारा हातातच राहिला होता.

"पुस्तकात तो टोपी उचलतो," बोसा म्हणाला, "आणि जातो. दार हळू लावतो, तिला दचकायला नको म्हणून."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. माझी दोन बोटं वाकडी आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं आणि पोटातलं एक गेलं ते मुकीबीच्या बुटाने गेलं. टॅक्सी स्टँडचा पुढारी तो, त्याला सगळे नमस्कार करायचे. मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटल्यावर माणूस टोपी उचलून जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रात्रभर तेच डोक्यात.

हाजी हा सिनेमा लावायला तयार नव्हते. "अरे, यात एक गोळी सुटत नाही. लोक बाकडी मोडतील." शेवटी मंगळवारची दुपार दिली, धंद्याची सगळ्यात पडेल वेळ. आणि काय झालं म्हणता, आत पंधरा बाप्ये आणि बाहेर माझ्या शेगडीभोवती चाळीस बाया. टोमॅटोवाली, कोळसेवाली, शिंपीण, सगळ्या टोपल्या उलट्या घालून भोंग्याखाली बसायच्या. पाच-सहा मंगळवारांत मला सिनेमा तोंडपाठ झाला. नान्तोंगो शेवटी दुसऱ्या गावी जाऊन स्वतःची शाळा काढते. लुबेगा दाराशी येतो आणि विचारतो, आत येऊ का? तिथे कोळसेवाली दर वेळी रडायची.

फक्त मागणीच्या प्रसंगाला आत कल्ला व्हायचा. बोसा म्हणायचा, "लुबेगा टोपी उचलतो. लुबेगा जातो." की बाप्ये बोंबलायला लागायचे. खोटारड्या, थापाड्या, आम्हाला काय समजतोस. शेंगांची टरफलं पत्र्यावर आपटायची. एकदा बाटली फुटली आणि बोसा कपाळ धरून बाहेर आला. मी रक्त पुसलं.

"असला पुरुष जगात नसतो असं वाटतं त्यांना, मेल्यांना," मी म्हटलं.

बोसाने फडकं माझ्या हातातून घेतलं आणि परत आत गेला.

त्याच आठवड्यात मी घर सोडलं. झग्यांचं बोचकं घेतलं आणि कोळसेवालीच्या खोलीत राहायला गेले. मुकीबी शहराबाहेर होता. परत आला तो सरळ माझ्या शेगडीवर आला, मंगळवारी दुपारी, बाया बसलेल्या असताना. हातात गाडीची चाकं खोलायचा पाना होता.

"ऊठ. घरी चल," तो म्हणाला.

भोंग्यातून बोसाचा आवाज येत होता. शेकोटीचा प्रसंग जवळ आला होता. मी मुकीबीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "नाही. मी येणार नाही. तू जा."

अगदी नान्तोंगोसारखं म्हटलं. आवाज चढवला नाही. आणि खरं सांगते, मी त्याच्या टोपीकडे बघत होते. वाटत होतं, आता उचलेल.

त्याने लाथेने शेगडी उडवली. उकळतं तेल माझ्या डाव्या पायावर आलं. कातडी सुटताना कळत नाही, नंतर कळतं. त्याने केस धरले आणि मला निखाऱ्यांवरून ओढत रस्त्याकडे नेलं. बाया किंचाळत होत्या. पाना माझ्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, बऱ्या कानाने. हा मला आज मारून टाकणार, एवढंच डोक्यात होतं. मग भोंगा मध्येच गप्प झाला.

व्हीजे सिनेमा अर्धा टाकून कधी उठत नाही. बोसा उठला. बाहेर आला, अंगाने काडी, हातात काही नाही, आणि मुकीबीच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. मुकीबीने पाना आडवा फिरवला. बोसाचे दात माझ्या मांडीवर पडले. दुसरा घाव बसला तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला लटकलं होतं, तरी तो हलला नाही. तिसरा बसायच्या आत आतले बाप्ये बाहेर आले.

कटवेत जमाव एकदा सुरू झाला की थांबत नाही. स्टँडचा पुढारी असो की कोणी असो. त्यांनी मुकीबीला पाडलं, विटांनी हाणलं, त्याचाच पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. कोणीतरी जुनं टायर आणलं. कोणीतरी हॉलच्या जनरेटरचं पेट्रोल आणलं. टायर गळ्यात गेलं तेव्हा मुकीबी मला नावाने हाक मारत होता, नामुयिगा, नामुयिगा.

दया आली असं कोणी समजू नका. दयेचा टिपूस नव्हता. पण त्याला जाळलं असतं तर तो कायमचा माझ्या डोळ्यांपुढे जळत राहिला असता, आणि मला तो तिथून जायला हवा होता. मेलेला माणूस जात नाही, बोसाचा बाप त्याच्या डोळ्यांपुढून कुठे गेला होता? मी ओरडले, पण त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार. म्हणून उठले, एका पायाने लंगडत हॉलमध्ये शिरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टीव्हीकडे बघायची शुद्ध नव्हती. माईक उचलला.

"नान्तोंगो म्हणाली, नाही," मी म्हटलं. भोंग्यातून माझा आवाज मला परका वाटला. "लुबेगा टोपी उचलतो. लुबेगा जातो."

बाहेरचा आवाज पडला. मी परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा. कोणीतरी हसलं, आतून दर मंगळवारी शिव्या देणारा एक वेल्डर होता, तोच असावा. हसू आलं की हात सैल पडतात. दारातून दिसलं, कोळसेवालीने टायर ओढून काढलं, चिखलातली टोपी उचलली आणि मुकीबीच्या छातीवर फेकली. तो रांगत, मग उठून, एक पाय ओढत गेला. परत कधी कटवेत आला नाही.

बोसाचा जबडा तारेने बांधला. तीन महिन्यांनी तार काढली, पण शब्द नीट निघेनात, सगळं तोंडातल्या तोंडात. हाजी माझ्या शेगडीवर आले. "तूच बोल, बाई. तुला पाठ आहे. या बाया आता आत येऊन बसायला तयार आहेत." मी बोसाकडे बघितलं. त्याने हो म्हणून मान हलवली, पण नजर दिली नाही. मला वाटलं, जागा गेली म्हणून वाईट वाटतंय.

पहिला मंगळवार. बाकड्यांवर अर्ध्या बाया, अर्धे बाप्ये. बोसा माझ्याशेजारी स्टुलावर. मी पहिल्यांदा नान्तोंगोला पाहिली. माझ्या मनातल्यापेक्षा बारीक होती, नाकावर तीळ. लुबेगाच्या हाताला मोजे. मला इतका आनंद झाला की दोन वाक्यं चुकली. मग शेकोटी आली, धुकं आलं. नान्तोंगोने नाही म्हटलं.

लुबेगाने तिच्या थोबाडीत मारली.

मोजा घातलेल्या हाताने, सगळा जोर लावून. ती टेबलाच्या कडेवर पडली, ओठातून रक्त आलं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, मग टोपी उचलली आणि दार आपटून गेला.

बाया माझ्याकडे बघत होत्या. मला आता कळलं बाप्ये इतके मंगळवार कशासाठी बोंबलत होते. त्यांना दिसत होतं. बोसा दर वेळी 'पुस्तकात' म्हणायचा, 'सिनेमात' कधीच म्हणाला नव्हता, तेही आता आठवलं. थप्पड नसलेली पुस्तकातली गोष्ट तो माईकमधून बोलत होता, कारण भोंग्याखाली मी बसलेली असायची. त्यासाठी त्याने कपाळावर बाटलीचा मार खाल्ला होता. आणि त्या थापेवर विश्वास ठेवून मी मुकीबीला नाही म्हटलं होतं, उकळत्या तेलाशेजारी उभी राहून. असा संताप आला की माईक त्याच्या तोंडावर मारावा, त्या आधीच मोडलेल्या.

मी सीडी थांबवली. वळले. "तुझ्यापायी माझा जीव गेला असता, बोसा," मी म्हटलं. माईक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं.

त्याने जमिनीकडे बघत काहीतरी म्हटलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला आता त्याचं बोलणं कळतं. तो म्हणाला, "तू त्याला नाही म्हणावंस, एवढंच मला हवं होतं."

बाकड्यावरून वेल्डर ओरडला, "काय गं, पुढे काय झालं ते सांग की. आम्ही काय आंधळे आहोत?"

मी सीडी मागे नेली. शेकोटी परत आली, धुकं आलं. नान्तोंगोने परत नाही म्हटलं, लुबेगाचा हात परत वर गेला. माझा पाय ठणकत होता.

"लुबेगा टोपी उचलतो," मी माईकमध्ये म्हटलं. "लुबेगा जातो. दार हळू लावतो."

टरफलं माझ्या अंगावर येऊन पडली. मी पुढचं वाक्य बोलायला घेतलं.